गालातली गोळी

आत्या : तोंड मिटू नकोस, दादा! घरी तू मोठा भाऊ. या खुर्चीत फक्त पेशंट.

बाबा : अगं, जरासा ठणका आहे. उगाच या कार्टीनं ओढून आणलं.

मुलगी : जरासा? आत्या, काल गार पाणी पिताना यांचे डोळे भरून आले, तर म्हणे ठसका लागला!

आत्या : उजवीकडचे दात बघ, कसे लख्ख. आणि डावीकडे दाढेला हा खड्डा, शेजारच्या दोन दाढांवर पांढरे डाग. एकाच बाजूला कसं? झोपताना गालात काही ठेवतोस?

बाबा : छे!

मुलगी : बाबा, थापा नका मारू! लिंबाची गोळी! दिवा मालवला की खुळखुळ ऐकू येते मला.

आत्या : लिंबाची? अण्णांची?

बाबा : तशी कुठली मिळायला आता. दुकानातली आणतो.

मुलगी : अण्णा म्हणजे आजोबा ना?

आत्या : हो. गोळ्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला जायचे. शर्टाला सुद्धा साखरेचा वास! निघताना आमच्या हातावर एकेक गोळी ठेवायचे. म्हणायचे, चावायची नाही, ही विरघळायच्या आत मी परत येतो. दार लागलं की मी कडाडकन फोडून मोकळी!

बाबा : आणि मी भोकाड पसरायचो. वाटायचं, हिच्यापायी अण्णा येणारच नाहीत.

आत्या : हा मात्र गालात धरून झोपायचा. सकाळी गाल उशीला चिकटलेला!

मुलगी : ई! बाबा, तुम्ही?

बाबा : चावल्यानं दात तुटतात, म्हणून सांगायचे गं ते.

आत्या : तिथंच तर घोळ झाला. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्यानं दात पोखरला जातो. लाळ ते आम्ल धुते, थोडी डागडुजीही करते. पण झोपेत लाळच कमी होते, आणि तू नेमकी तेव्हा जंतूंची पंगत बसवतोस.

मुलगी : रात्रभर फुकट खानावळ! मग आता दाढ उपटणार?

आत्या : नाही, कीड अजून मुळाशी पोचली नाही. दाढ भरते मी. डाग फ्लोराइडनं थांबतील. पण गोळी अशीच चालू राहिली तर तिन्ही दाढा हातच्या जातील. रात्री ब्रश केलास की नंतर फक्त पाणी.

बाबा : अण्णा गेले ना, त्या आठवड्यात सुरू केली. त्याआधी कितीतरी वर्षं आठवणही नव्हती तिची.

मुलगी : बाबा, मला कधी बोलला नाहीत ते.

आत्या : सोडून दे असं कुठं म्हणतेय मी? दुपारी जेवणाबरोबर खा. वर खळखळून चूळ भर.

बाबा : जेवणाबरोबर ती लगेच संपेल गं.

आत्या : संपू दे, दादा.