पप्पा, हलू नका हं!

...नाही, पण मी म्हणतो, ज्या माणसाचा जन्म पाखरं हाकलण्यात गेला, त्याला पाखरं बघायला न्यायचंच कशाला? तुम्हाला सांगतो, आमच्या पाचूबंदरला अंगणात जवळा, ती बारीक कोळंबी हो, वाळत घातला की बगळे, कावळे, दर्यावरचे कुरव, सगळे पंगत धरून बसतात! मग मी, माझे दोन हात आणि "हाऽऽड!" पण सून क्रिस्टिना नवीन, घरात अजून मोठ्याने हसत पण नाही, आणि पोरीने पहिल्यांदाच काही मागितलं, "पप्पा, जूचंद्रच्या मिठागरात फ्लेमिंगो आलेत, जाऊ या ना सगळे?" आता नाही कसं म्हणणार?

तर तयारी. ऐन जानेवारीत आभाळाला वेड लागलेलं! ढग आला, झाक! ऊन आलं, उघड! जवळ्यावर ताडपत्री घाल, काढ, घाल, काढ... आत क्रिस्टिना पिशवी भरतेय. "पप्पा, रेनकोट घेते." ढग गेला. "रेनकोट काढते, टोपी टाकते." आमची रोझलीन ओट्यावरून, "आवो, पानी येतंय का नाय, ते एकदाचं ठरवा!" जसा काय मीच वर बसून नळ सोडतोय! वर सूनबाईंची ताकीद, "तिथे आवाज अजिबात नको, पाखरं बुजतात." म्हटलं, बाय, तोंडाला कुलूप!

निघताना पुन्हा ढग. झाक! ताडपत्रीवर दगड ठेवले, शेजारच्या प्लासिडला लक्ष ठेवायला सांगितलं, निघालो. जूचंद्रला पोचतो तर कडक ऊन!

बांधावर सगळे गप्प. इतके गप्प की मला डुलकीच लागली... डोळा उघडतो तर समोर हीऽऽ गुलाबी पाखरं, चोची खाली घालून खातायत. खातायत हो! कुलूप तोंडाला होतं, हातांना कोण सांगणार? टाळी वाजली, मागोमाग "हाऽऽड!" अख्खा थवा उडाला. आणि रोझलीन, सवयीने, "ते डावीकडं एक ऱ्हायलं बघा!"

क्रिस्टिनाने दुर्बीण खाली केली. माझा जीव एवढासा झाला. आणि पोरगी हसायला लागली, बांधावर बसून, पोट धरून! बरं वाटलं हो मला.

घरी आलो. प्लासिड म्हणतो, "बेनेडिक्ट, ऊन पडलं, जवळा घामेजेल म्हणून ताडपत्री उघडली बरं का!" उघडली आणि हा जेवायला गेला. अंगणात पंगत बसलेली! मी हात उचलतो तोच क्रिस्टिना कानाशी, दुर्बीण लावून, "पप्पा, हलू नका हं! हे कुरव पण लांबच्या देशातून आलेत."

काय करणार? ढग नाही, ऊन छान, जवळा उघडा. उभा राहिलो, हात खिशात घालून.