काकांनी शोधलेले नाव

हा किस्सा मी गेल्या पाडव्याला कोसाडला मावशीकडे, तिच्याच तोंडून ऐकला. म्हणून तो तिच्याच आधाराने सांगतो.

तिच्या मुलीसाठी, म्हणजे वैशालीताईसाठी, पलसाण्याच्या डाइंग मिलमधल्या एका सुपरवायझरचे स्थळ आले होते. पाहण्याचा कार्यक्रम झाला आणि ताईला मुलगा पसंत पडला. त्यानंतर काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चौकशी म्हणून मुलाचे नाव इंटरनेटवर शोधले. चोरीत पकडलेल्या एका माणसाची बातमी सर्वांत वर आली. काकांनी तत्काळ मुलाला फोन लावला.

“बातमी वाचली आम्ही. हे जमणार नाही.”

“काका, या नावाची माणसं आमच्या तालुक्यात गल्लोगल्ली आहेत.”

“मग इंटरनेट खोटं बोलतं का?”

“तुमचंच नाव टाकून बघा ना.”

काकांनी टाकले. सर्वांत वर, हार घातलेल्या फोटोसह, त्यांच्याच नावाच्या एका गृहस्थांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिलेली होती.

“मी ते आधीच वाचलं होतं,” मुलगा म्हणाला. “पण त्या दिवशी दार तुम्हीच उघडलंत, म्हणून काही विचारलं नाही.”

लग्न वैशाखात झाले. फोन ठेवल्यावर काकांनी हळूच स्वतःची नाडी पाहिली, असे मावशी सांगते. तेवढ्या भागाची खात्री मला करून घेता आलेली नाही. विचारले की काका विषय बदलतात.