झेनोनची पानं

कबरी झाडून त्यांवर मेणबत्त्या लावायचा सर्व संतांचा दिवस उद्यावर आलेला. दफनभूमीच्या फाटकाशी, मेणबत्त्यांच्या रांगेत, बोग्नाच्या पुढे दोघी बहिणी होत्या. थोरलीजवळ पानांनी गच्च भरलेलं पोतं.

"झेनोनचं घर आईच्या शेजारी, आता कबरही शेजारी. आणि त्याच्या कबरीवरही मेपलच, इथंही पानांचा कचरा आईच्याच अंगावर."

"चाळीस वर्षं भांडली ना गं ती त्याच्याशी, अंगणात पडणाऱ्या पानांवरून?"

"रोज."

"ताई, काल तिचं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. आत मेपलची पानं. दरवर्षीचं एक, लालभडक, तारीख घालून."

"त्याच्या झाडाची?"

"गल्लीत दुसरा मेपल कुठं होता?"

रांग सरकली. थोरली हलली नाही.

"हे आत्ता सांगतेस? सकाळपासून कंबर मोडून झाडतेय मी."

"मग आता?"

"मग काय, धर पोतं, परत आईच्या कबरीवर पसरू. लाल पानं वर आली पाहिजेत."