सातव्या रचनेचं शेवटचं पान

गिटार बघायला आलात म्हणता, आणि गिटारकडे तर अजून एकदाही बघितलं नाहीत — मघापासून नजर त्या कपाटावर आहे तुमची. हो, दिसतं मला. मोतीबिंदू एकाच डोळ्यात होता, तोही काढून झाला. बसा, पण इकडे तोंड करून बसा. आणि फोनवर काय म्हणालात — भाच्याला शिकायला जुनी गिटार हवीय? मग आल्या आल्या डावा पाय त्या ठेंगण्या स्टुलावर कसा गेला तुमचा, सांगा बरं. पाहुणा असा पाय ठेवत नाही, गिटारवाला ठेवतो. चाळीस वर्षं एक माणूस याच खोलीत तसा पाय ठेवून शिकवत होता, मला नका शिकवू. भाचा आहे तरी का तुम्हाला?

नाही ना. वाटलंच.

मग तुम्ही कशाला आलात ते मीच सांगते — सातव्या रचनेसाठी. चौथे आहात तुम्ही. यांच्या पहिल्या सहा रचनांबद्दल विचारायला कुणी कुत्रं फिरकत नाही, आणि ही सातवी, हे गेल्यावर वहीत सापडलेली, ती मात्र सगळ्यांना हवी. गिटारच्या वरच्या परीक्षेच्या यादीत आहे म्हणे आता. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या विलायती नाचांच्या सुरावटी, एकाच तारेवर थरथरत जाणारे ते नावाजलेले तुकडे, आणि त्यांच्या रांगेत आमचे हे! जिवंतपणी ऐकलं असतं तर म्हणाले असते, छापखान्याची चूक असेल. आणि कौतुक कसलं, तर शेवटाचं. मधेच तुटते ना ती. वाजवणारा हात तसाच अधांतरी धरतो, लोक श्वास रोखून बसतात, मग टाळ्या. मला एकदा पहिल्या रांगेत बसवलं होतं. एक बाई आल्या होत्या प्रबंध लिहायला, म्हणाल्या, मास्तरांनी वाक्य अर्धं सोडून मरणाचं चित्र काढलंय. मी म्हटलं, असेल बाई. आमचे हे भाजीची यादीसुद्धा अर्धी सोडायचे नाहीत, पण म्हटलं, असेल.

वही? वही प्रकाशकाकडे आहे, मीच दिली. त्यांचं अक्षर म्हणजे कागदावर मुंग्या सांडलेल्या, म्हणून शाईनं उतरवायचं काम पहिल्यापासून माझं. वाजवायला एक तार येत नाही मला, पण सुरांची लिपी सगळी वाचता येते — लग्नानंतर तीन महिन्यांत शिकले. हे गेल्यावर महिनाभरानं बसले उतरवायला, घरात दुसरं करायचं तरी काय होतं? पाच पानं जेवणाआधीच झाली, सहावं उघडलं आणि —

काय? पाच म्हणाले मी. पाचच पानं आहेत. सहा कोण म्हणालं?

असं. म्हणजे तुम्ही वही बघून आलात. शिवणीत फाटलेल्या पानाची कड आहे म्हणे. दोऱ्याशी इतकीशी राहिली असेल, ती बघितलीत. चांगले डोळे आहेत. आणि मग प्रकाशकाला न सांगता सरळ इथं आलात — की सांगून आलात? त्यांनीच पाठवलं ना? शपथेवर नका सांगू, शपथांवर माझा विश्वास नाही. आधी फोन बंद करा. पूर्ण बंद. हं.

आम्हाला मुलगी होती. ठमी म्हणायचो. साडेतीन वर्षांची. झोपायची नाही लवकर, मग मी आतल्या खोलीत तिला मांडीवर घेऊन गुणगुणायचे — शब्द नव्हते त्याला, माझंच काहीतरी, रोज होता होता ठरून गेलेलं. बाहेर यांची शिकवणी चालू. दार उघडंच असायचं, पण मान वर करतील तर शपथ! ठमी तापानं गेली, आठ दिवसांत. आणि हे त्याच आठवड्यात पुन्हा शिकवायला बसले. इथं, तुम्ही बसलात तिथं. डोळ्याला पाणी नाही, तोंडात तिचं नाव नाही. मी पण नाही काढलं मग. छत्तीस वर्षं स्वयंपाक केला, कागद उतरवले, दुखण्याखुपण्यात उशाशी बसले — आणि मनात दगड म्हणत आले त्यांना. रोज.

आणि सहावं पान उघडलं तर ते होतं. माझं. सूर न् सूर. अहो, चुकासुद्धा — वर जाताना माझा आवाज पोचायचा नाही, मी जरा खालीच घ्यायचे, तो खाली घेतलेला सूरसुद्धा तसाच लिहिलेला. वरती पेन्सिलीनं ‘आतल्या खोलीतून’, बस्स. दुसरं अक्षर नाही. म्हणजे ऐकत होते! रोज ऐकत होते, आणि छत्तीस वर्षांत एकदा — एकदा तरी म्हणावं की नाही माणसानं? आता मी कुणावर रागावू? त्या कागदावर?

काढलं मी ते पान. हो, मीच फाडलं. कशाला देऊ? उद्या परीक्षेला कुणीतरी पोरगा बसणार, समोर तीन परीक्षक, आणि माझ्या ठमीच्या झोपेला शंभरापैकी बासष्ट गुण! आणि तो प्रबंध, त्या टाळ्या, ते मरणाचं चित्र — असू दे की. लोकांना तुटलेलंच आवडतं, तर माझं काय जातं? पान मिळणार नाही तुम्हाला. दाखवणारही नाही. कपाटात नाहीच ते, उगाच मान मोडून बघू नका.

कसं होतं म्हणजे? सांगून काय कळणार आहे, साधंच होतं, अगदीच साधं — असं — हूं हूं हूंऽ — मग वर — हूंऽ हूं — आणि परत —

अहो. तुमची बोटं.

गुडघ्यावर बोटं चाललीयत तुमची. डाव्या हाताची. मी गातेय आणि तुम्ही — आणि चुकताय ते चुकताय, तिथून लगेच खाली नाही यायचं, तिथं थांबायचं, ठमी कूस बदलायची तेवढा वेळ, मग —

नाही.

उठा. हात खिशात घाला — दोन्ही. आणि तसेच जिना उतरा.