खिळे कुठे गेले?

तुम्ही हसाल, पण माझ्या आयुष्यभराच्या पुरातत्त्व संशोधनाचा निकाल रामाकोना गावात एका मोडक्या बैलबंडीशेजारी लागला. तरुणपणी आम्हाला समुद्राने गिळलेल्या एका प्राचीन बंदरात जहाज सापडलं होतं. ते वादळात सगळ्या खलाशांसकट बुडालं, असं मी पुस्तकात ठामपणे लिहिलं. ठामपणा माझ्या स्वभावात नाही. तेवढा एकदाच केला.

परवा बैलबंड्या बनवणाऱ्या नामदेवराव सुतारांना मी त्या जहाजाच्या फळ्यांचे फोटो दाखवले. त्यांनी फळीवरच्या एका भोकावर बोट ठेवलं.

"सर, यातले खिळे कुठी गेले?"

"गंजून गेले असतील."

"गंजले असते तं लाकडावर डाग राहिला असता. हे तं ओढून काढले जी. पाहा, भोकाजवळ खूण दिसून राहिली. जुनी बंडी मोडतानी आमीबी पहिले खिळेच काढतो, कामी येते. बुडणारा माणूस खिळे काढत बसते का?"

मी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. म्हटलं, "नामदेवराव, म्हणजे माझं अख्खं पुस्तक चुकलं!"

"चुकू द्या ना जी," ते म्हणाले, "खलाशी तं वाचले!"