बायजाबाईचं छप्पर

गावातल्या आग विझवाच्या मंडळाचं कौतुक मले सांगू नका. सातावरून तीस जण झाले म्हणता, होऊ द्या. काढलं मीच होतं, छप्पन-सत्तावन साली. उन्हाळ्यात विहिरी तळाले जायच्या, म्हणून नियम एकच. जळतं घर सोडाचं अन् बाजूच्या घराचं गवताचं छप्पर ओढून पाडाचं, म्हणजे आग तिथीच अडते.

एका दुपारी दोमाचं घर पेटलं. बाजूले बायजाबाई, एकटी विधवा. आम्ही बांबूचे आकडे घेऊन धावलो, तं ती दारात आडवी उभी.

"माझं घर कुठी पेटलं, भाऊ? काऊन मोडता?"

"पेटल्यावर मोडून काय फायदा? सरक, बाई!"

मी तिले हातानं बाजूले केलं. छप्पर खाली आलं अन् वारा पलटला. आग आटलेल्या तळ्याकडे गेली, तिथीच विझली.

नवीन गवत दिवाळीशिवाय भेटत नाई. पावसाळा लागला, उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती बसल्या. बाई सिंदेवाहीले भावाकडे निघाली. मी तिचं गाठोडं उचलाले गेलो अन् म्हटलं, "बाई, आग आली असती तं?"

"आग नाई आली, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही आले."