सरूआत्याला पुरातून काढायला गेलो तेव्हा

सरूआत्याला आम्ही पुरातून काढायला गेलो होतो, ते सांगितलं का तुम्हाला? निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. परंड्याकडं सीनेच्या काठावर आमचं गाव. दत्तू शिंप्यानं आम्हा पोरांना धरून पुरासाठी पथक काढलं. पावसाळ्याआधी तालीमही घेतली. हलगी वाजली की सगळ्यांनी टेकावरच्या देवळात जायचं. सगळं गाव गेलं, पण एकटी राहणारी सरूआत्या दारातनं हलली न्हाय.

"आत्या, चला की," दत्तू म्हणाला.

"पाणी कुठं हाय? आल्यावर बघू."

भादव्यात एका सकाळी पाणी खरंच आलं. हलगी वाजायला लागली, तसं मी आणि दत्तू दोर घेऊन थेट आत्याच्या घराकडं निघालो. पाणी कमरेला लागत होतं. हाका मारल्या, उत्तर न्हाय. आत शिरलो तर घर रिकामं. सगळी गल्ली धुंडाळली आणि शेवटी गुमान टेक चढलो.

देवळामागं तीन दगडांच्या चुलीपाशी आत्या बसलेली. हलगी ऐकून सगळ्यांच्या आधी तीच वर आली होती.

दत्तू मटकन खाली बसला. आत्यानं त्याच्यापुढं पत्रावळ सरकवली.

"खिचडीत पाणी जरा जास्त झालंय," ती म्हणाली, "गोड मानून घे."